नर्मदाबाईंनी दूध फाडलं

"सून अंगानं भरली गं तुजी, नर्मदे!" दगडाबाई ओसरीची पायरी चढता चढताच म्हणाली. "हैदराबादची हवा मानवली म्हनायची. गाल बघ कसे झालेत."

नर्मदाबाईंना आतून गुदगुल्या झाल्या, पण वरकरणी त्यांनी कपाळाला आठी घातली. "नजर नको लावू बाई. आत्ताच गाडीतून उतरलेत दोघं. दम तरी घिऊ दे त्यायला."

सुमंगला खांबाला टेकून बसली होती. चेहरा गोल झाला होता खरा. पावलंही इतकी भरली होती की जोडवी बोटांत रुतून बसली होती. शेजारणीच्या बोलण्यावर ती नुसती हसली. तिचं बोलणं मुळातच हळू, त्यात प्रवासाचा शीण.

नर्मदाबाईंचा एकुलता एक मुलगा मार्तंड चुडाव्याच्या शाळेत शास्त्र शिकवायचा. त्यानं खांद्यावरची पिशवी खुंटीला अडकवली आणि म्हणाला, "दगडामावशी, ते अंग न्हाई. सूज हाय ती. माय, तिच्या नडगीवर अंगठा दाबून बघ बरं."

नर्मदाबाईंनी सुनेचं लुगडं घोट्यापासून जरा वर सारलं आणि अंगठा दाबला. उचलला तरी खळगा तसाच राहिला, मळलेल्या कणकेत राहतो तसा. त्यांनी चमकून हात मागं घेतला.

"रक्तातलं प्रथिन उतरलंय," मार्तंड म्हणाला. "ते उतरलं की पाणी असं अंगात साचतं. वरून सूज, आतून काड्या. डॉक्टर म्हनले, महालक्ष्म्या बसायच्या आधी पुन्हा रक्त तपासू. तवर वाढलं न्हाई तर पोटातली नळी काढून टाकू."

"आन मग?"

"मग हैदराबादेत खोली घिऊन राहायचं. आठवड्यात दोन-तीनदा रक्त धुवायच्या मशीनवर जायचं. कायमचं."

मागच्या गोठ्यात म्हैस खुरानं जमीन उकरत होती.

सुमंगलाची दोन्ही मूत्रपिंडं गेल्या साली बसली होती. परभणीत काही इलाज नव्हता, नांदेडातही नव्हता. हैदराबादच्या डॉक्टरांनी तिच्या बेंबीशेजारी एक बारीक नळी बसवून दिली. पिशवीतलं औषधी पाणी त्या नळीतून पोटात सोडायचं, काही तास आत ठेवायचं, रक्तातली घाण त्यात उतरली की रिकाम्या पिशवीत काढून टाकायचं आणि लगेच नवं सोडायचं. दिवसातून चारदा. हे सगळं आपल्या घरात, आपल्या हातांनी. पाण्याच्या पिशव्यांची खोकी रेल्वेनं चुडाव्याच्या स्टेशनावर यायची आणि मार्तंड ती बैलगाडीत घालून आणायचा. देवघरालगतची खोली त्यासाठी मोकळी केली होती. आत जाताना हात कोपरापर्यंत साबणानं धुवायचे, तोंडाला फडकं बांधायचं, दार लावून घ्यायचं. नर्मदाबाईंना ती शिस्त फार आवडायची. "माज्या देवघरात सुदिक इतकं सोवळं न्हाई," असं त्या कौतुकानं सांगायच्या. आणि खरं म्हणजे या नळीमुळंच सून घरात होती. सणावाराला दारातली रांगोळी तिच्या हातची होती.

"प्रथिन म्हंजे काय रं?" नर्मदाबाईंनी विचारलं.

"डाळ, दूध, उसळ. तिथं आहार सांगणाऱ्या एक बाई आहेत. त्या मला म्हनल्या, 'मास्टर साब, दवाखाना तो हम चला लेंगे, बावर्चीखाना तुम संभालो.' दिवसभर थोडं थोडं खाऊ घाला म्हनल्या. अंड्यातलं पांढरं द्या म्हनल्या."

सुमंगलाचा हात आपसूक गळ्यातल्या तुळशीच्या माळेकडं गेला.

"माज्या कोंबड्या हायत की!" दगडाबाई उत्साहानं म्हणाली. मग माळेकडं बघून तिनं जीभ चावली. "ऱ्हायलं बाई. कोंबड्या माज्या, पाप मलाच लागायचं."

"मग त्या बाईंनी पनीर सांगितलं," मार्तंड म्हणाला. "दूध तापवायचं, लिंबू पिळून फाडायचं, पाणी गाळून टाकायचं आन घट्ट ऱ्हायलेलं खायचं."

नर्मदाबाई ताडकन उठून उभ्या राहिल्या. "दूध फाडायचं? चांगलं असलेलं दूध, मुद्दाम? माज्या घरात?"

त्या घरात दूध उतू गेलं तर चुलीला हात जोडायचे. उन्हाळ्यात कधी नासलंच तर कुणाला कळू न देता केळीच्या बुडाशी ओतायचं आणि दिवसभर मनाला चुटपूट लावून घ्यायची. धडधाकट दुधात आपल्या हातानं आंबट पिळायचं, म्हणजे दारात आलेल्या लक्ष्मीला धक्का मारून बाहेर काढायचं. तेही महालक्ष्म्या तोंडावर आलेल्या असताना.

"आन डाळ, दूध कसं द्यायचं?" त्या पुढं म्हणाल्या. "पथ्य हाय ना तिला! डॉक्टरांनीच सांगितलेलं."

"ते नळी बसवायच्या आधीचं पथ्य, माय. तवा घाण बाहेर जायला वाटच नव्हती, म्हनून डाळ-दूध कमी करायला सांगितलं. तवा ते बरोबर होतं. आता वाट झाली. आता उलटं हाय."

"औषध बदलतं. पथ्य कुठं बदलतं?"

नर्मदाबाईंच्या हट्टामागं एक गोष्ट होती, आणि ती घरात सगळ्यांना ठाऊक होती. सून पहिल्यांदा दवाखान्यात गेली तेव्हा त्यांनी गंगाखेडला जाऊन गोदावरीत उभं राहून देवाला शब्द दिला होता. पोरीचं पथ्य मी मोडू देणार नाही आणि ती जे सोडेल ते मीही सोडीन. तेव्हापासून त्यांच्या ताटात वरण आलं नव्हतं, चहात दूध पडलं नव्हतं. दारात दुभती म्हैस असून सासू-सुना दोघी भाकरी आणि दोडक्याची पातळ भाजी खायच्या. नर्मदाबाईंच्या लेखी तो काही डॉक्टरांचा कागद नव्हता. ते व्रत होतं, आणि उद्यापन होईपर्यंत व्रत कुणी सोडत नाही.

त्यात सुमंगलाचं स्वतःचं वेगळंच. लग्न होऊन आली तेव्हापासून ती चातुर्मासात एकभुक्त राहायची, दिवसातून एकदाच जेवायची. आजारपणातही तिनं ते सोडलं नव्हतं. मार्तंडनं विषय काढला की ती खाली मान घालून म्हणायची, "तसंबी मला भूकच न्हाई ओ. पोट पाण्यानं भरलेलं असतंय. दोन घासातच नको होतंय."

चार दिवस मार्तंडनं दोघींना समजावलं. शाळेतून आला की सुरू, जेवताना सुरू. पाचव्या दिवशी त्यानं समजावणं सोडलं.

रविवार होता. सकाळच्या पाण्याची पिशवी काढून झाल्यावर ती बाहेर नेऊन ओतायचं काम नर्मदाबाईंचं. शेवग्यापलीकडच्या शोषखड्ड्यात त्या ते ओतायच्या, वरून फिनेल टाकायच्या, हात धुवायच्या. त्या पिशवी घेऊन निघाल्या तर मार्तंडनं अंगणात तीन दगडांची चूल मांडलेली. शेजारी रंगाचे दोन जुने रिकामे डबे, घासून ठेवलेले.

"माय, पिशवी हिकडं दे."

"हे काय करायलास?"

"शाळेत पोरांना दाखवतो ते तुला दाखवायलोय."

त्यानं एका डब्यात विहिरीचं पाणी घेतलं, दुसऱ्यात पिशवीतलं. दोन्ही पाणी सारखंच स्वच्छ; पिशवीतल्याला फिकट पिवळी झाक होती इतकंच. आधी विहिरीचं उकळलं. त्यात लिंबाचे थेंब पिळले. काही झालं नाही, तळ दिसत होता तसाच राहिला. मग दुसरा डबा चुलीवर चढला. सुमंगला ओसरीच्या कडेशी येऊन उभी राहिली. दगडाबाईला धुराचा वास गेलाच होता. ती कुंपणाच्या पलीकडून मान उंच करून बघू लागली.

"काय शिजवायलाव मास्तर, रविवारचं?"

"बघत ऱ्हावा मावशी."

पाणी उकळलं. मार्तंडनं लिंबाचे थेंब टाकले. टाकता टाकताच डब्यातला तळ दिसेनासा झाला. पाणी धुरकट, मग पांढुरकं झालं, दुधाचं भांडं विसळावं तसं. थोड्या वेळानं त्यात बारीक बारीक कण फिरू लागले, कडेला गोळा होऊ लागले.

नर्मदाबाई डब्यावर वाकल्या. सारी हयात त्यांची दुधात गेली होती. साय कशी धरते, दही कधी लागतं, दूध कोणत्या क्षणी हातातून जातं, हे त्यांना डोळे मिटून कळायचं.

"हे फाटलं," त्या म्हणाल्या. "रं मार्तंडा, पाणी कसं फाटेल?"

"नुसतं पाणी न्हाई फाटत. विहिरीचं फाटलं का? घाणीसंगं तिच्या रक्तातलं प्रथिनबी ह्याच्यात वाहून येतंय. तेच फाटलंय. नळीचा तेवढा एक दोष हाय, आन तो खाऊनच भरून काढावा लागतो."

"रोज जातंय हे?"

"रोज. दर पिशवीत."

नर्मदाबाईंनी शेवग्याकडं पाहिलं. मग स्वतःच्या हातांकडं.

"म्या वतलं," त्या म्हणाल्या. "माज्या ह्या हातानं, फिनेल टाकून टाकून वतलं. पोरीच्या अंगातलं दूध वाहून जायलंय, आन मी म्हैस दारात ठिऊन तिला दोडकं चारायले!"

"आत्याबाई, तुमी कशाला..." सुमंगला पुढं आली.

"तू बस. उभी ऱ्हाऊ नको." नर्मदाबाईंनी डोळे पुसले, आणि त्यांच्या अंगात वारं शिरल्यासारखं झालं. हात खसाखसा धुतले, तोंड धुतलं, कपाळाला कुंकू लावलं. सकाळचं धारेचं दूध अजून तापवलंही नव्हतं. ते पातेलं त्यांनी स्वैपाकघरातल्या चुलीवर ठेवलं. दगडाबाई कुंपणाला वळसा घालून धावतच आत आली.

"नर्मदे, तू करनार हायस काय?"

"बघ आता."

दूध वर आलं. नर्मदाबाईंनी लिंबाची फोड हातात घेतली आणि देवघराच्या दिशेनं तोंड केलं. ओठ हलले. काय बोलल्या ते दगडाबाईला नीट ऐकू आलं नाही. 'नासवत न्हाई, वाचवायले' एवढंच कळलं. मग त्यांनी फोड पिळली.

पहिल्या थेंबांनी काही झालं नाही. आणखी पिळलं. दूध थबकल्यासारखं झालं आणि एकदम दुभंगलं, खाली हिरवट पाणी आणि वर पांढरे शुभ्र गोळे. दगडाबाईनं पदर तोंडाला लावला.

"आगं बया! फाडलं की गं!"

"फाडलं," नर्मदाबाई म्हणाल्या, आणि त्यांना कोण जाणे कशाचं, हसूच आलं. "आभाळ काय कोसळलं न्हाई बग. फडकं आन तिकडचं, धुतलेलं."

फडक्यातून पाणी निथळलं. घट्ट राहिलेलं त्यांनी हातानं कुस्करलं, जिरं-हळदीच्या फोडणीत परतलं, कोथिंबीर घातली. मीठ नावाला. वाटी घेऊन त्या ओसरीवर आल्या.

सुमंगला वाटीकडं बघत राहिली. "आत्याबाई, माजं एकभुक्त हाय."

ही अडचण सगळ्यात अवघड होती, कारण इथं दाखवायला डबा नव्हता. दूध आणि डाळ यांची व्यवस्था झाली, पण पोटात सदा पाणी, एका बैठकीत दोन-चार घास जायचे. हैदराबादच्या त्या बाईंनी बजावून सांगितलं होतं, जुनं पाणी काढलं की पोट हलकं असतं, तेव्हाच थोडं खाऊ घाला, मग नवं सोडा. दिवसातून जितक्यांदा पिशवी तितक्यांदा खाणं. एकभुक्तात ते बसत नव्हतं.

"माज्यासाठी तुमी दूध फाडलं," सुमंगला अगदी हळू म्हणाली. "मला ते कळतंय. पर इतक्या वर्साचं हाय ओ ते. माज्या आईनं दिलेलं. मी ते सोडलं आन मग काय वाईट झालं तर?"

मार्तंड काहीतरी बोलणार होता. नर्मदाबाईंनी त्याला हातानं थांबवलं. देवाधर्माच्या गोष्टीत शास्त्राच्या मास्तरचं काम नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

"सोड कोण म्हनतंय?" त्या सुनेशेजारी बसल्या. "सोडू नको. दे मला."

"म्हंजे?"

"घरातलं मानूस आजारी पडलं की त्याचं व्रत दुसऱ्यानं चालवायचं असतं. माज्या सासूला बाळंतपनात ताप भरला तवा तिचे सोळा सोमवार माज्या मामंजींनी केले. पुरुषमानसानं! फळ ज्याचं त्यालाच मिळतं. तुजं एकभुक्त मी करते. तू उदक सोड माज्या हातावर."

"माय, तू कशाला," मार्तंड मधे पडलाच. "तुजं वय काय. मी करतो. नवरा हाय मी तिचा."

"तू? शाळेतून आल्या आल्या डबे हुडकतोस! दुपारच्याला तुजं व्रत मोडंल आन पाप माज्या सुनेच्या डोक्यावर बसंल."

दगडाबाई फिदीफिदी हसली. "मास्तर, राहू द्या. तुमाला जमायचं न्हाई."

"मग डाळ-दुधाचं काय, आत्याबाई?" सुमंगलानं विचारलं. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, पण ओठांच्या कडेला हसू यायला लागलं होतं. "तुमी तर गंगाखेडला शब्द दिलेला, माजं पथ्य मोडू देनार न्हाई म्हनून."

नर्मदाबाईंनी पदर खोचला. "दिलाय की. मोडतंय कोन? तुजं पथ्य आता डाळ-दूध हाय. तू सोडशील ते मी सोडीन म्हनले होते. आता तू धरलंस तर मीबी धरीन. एकदाच जेवीन, पर वरण घालून जेवीन."

सुमंगलानं तांब्यातलं पाणी उजव्या तळव्यात घेतलं, डोळे मिटले आणि सासूच्या ओंजळीत सोडलं. मग वाटी हातात घेतली. पहिला घास तिनं फार वेळ चघळला.

"कसं लागतंय गं?" दगडाबाईला राहवेना.

"लय चांगलं," सुमंगला म्हणाली. "मिठाचं काय ते तुमीच समजून घ्या."

त्या दिवसापासून घराची घडीच बदलली. सकाळची पिशवी निघाली की फाडलेल्या दुधाची वाटी. दुपारी मोड आलेल्या मटकीची उसळ, घट्ट वरण. तिसऱ्या प्रहरी चण्याच्या पिठाचं धिरडं, संध्याकाळी चक्का. प्रत्येक खाण्यासोबत खडूसारखी एक पांढरी गोळी चावायची. दुधा-डाळीतला एक नको असलेला क्षार ती पोटातच धरून ठेवायची, रक्तात जाऊ द्यायची नाही. "मास्तरच्या बायकोला खडूच खावा लागला!" असं म्हणून दगडाबाईनं ती गोळी गावभर प्रसिद्ध केली. गावात दूध फाडल्याचीही चर्चा झाली. काही बायांनी नाकं मुरडली, म्हैस आटेल म्हणाल्या. म्हैस काही आटली नाही.

नर्मदाबाई एकदाच जेवायच्या, पण दिवसभर चुलीपाशी नाचायच्या. नव्या नव्या युक्त्या निघत होत्या. फाडलेलं दूध वेलदोडा घालून, फाडलेलं दूध मेथी घालून. दगडाबाईच्या गाईच्या चिकाचा खरवस. सुमंगलाला नको म्हणायची सोय उरली नव्हती. आणि एके सकाळी अंघोळ करून आलेली सुमंगला उंबऱ्यातच थांबली, खाली वाकली, आणि लहान पोरीसारखी ओरडली.

"आत्याबाई! जोडवं फिरतंय!"

नर्मदाबाई पळत आल्या. खरंच, बोटात रुतलेलं जोडवं बोटाभोवती फिरत होतं. त्यांनी ते स्वतः फिरवून पाहिलं, एकदा, दोनदा. मग नडगीवर अंगठा दाबला. खळगा पडला, पण बघता बघता भरून आला. दोघी तिथं उंबऱ्यातच बसून हसत राहिल्या.

पण सूज उतरली म्हणजे रक्त सुधारलंच असं नाही, असं मार्तंड म्हणायचा. ते दवाखान्यातल्या तपासणीलाच विचारावं लागेल. गणपती बसले आणि दोघं हैदराबादला निघाले. मराठवाडा विद्यापीठाच्या नावावरून पुन्हा मोर्चे सुरू झाले होते. मधेच एसट्या बंद पडत, म्हणून रेल्वेनंच जायचं ठरलं. नर्मदाबाईंनी डब्यात धिरडी बांधून दिली.

परतायच्या दिवशी त्या दुपारपासून स्टेशनावर जाऊन बसल्या. सोबत दगडाबाई. नांदेडकडून येणारी पॅसेंजर नेहमीप्रमाणं उशिरा होती. महालक्ष्म्या दुसऱ्या दिवशी बसणार होत्या. घरी फुलोऱ्याची तयारी अर्धवट पडली होती, पण नर्मदाबाईंचं तिकडं चित्तच नव्हतं. लिंबगावाकडच्या रुळांवर त्यांची नजर खिळली होती.

"किती मागं-फुडं करशील? बस की," दगडाबाई म्हणाली. "तू फेऱ्या मारल्यानं गाडी येनार हाय व्हय?"

"पाय ऐकंनात बाई. त्यायनं ठिऊन घेतलं असलं तर? मार्तंडच एकटा उतरला तर?"

"काहीबी बोलू नको!"

शिट्टी ऐकू आली. इंजिन दिसलं, धूर दिसला, मग डबे एकामागून एक समोरून सरकू लागले. नर्मदाबाई प्रत्येक खिडकीत बघत गाडीबरोबर चालू लागल्या. गाडी थांबली. एका दारातून कोथिंबिरीच्या जुड्या घेऊन दोन बाया उतरल्या. दुसऱ्यातून मार्तंड उतरला. एकटाच.

नर्मदाबाई त्याच्या मागचं दार बघत राहिल्या.

मार्तंड मागं वळला, त्यानं दारातून एक पिशवी घेतली, मग दुसरी, आणि मग हात पुढं केला. तो हात धरून सुमंगला खाली उतरली. पदर सावरून तिनं फलाटावर नजर फिरवली. सासू दिसली तशी ती चालत नाही, धावतच आली.

"काय म्हनले?" नर्मदाबाईंनी तिचे दोन्ही खांदे धरले. "सांग लवकर, काय म्हनले?"

"वाढलं," सुमंगला म्हणाली. चारचौघांत पहिल्यांदाच तिचा आवाज एवढा मोठा निघाला. "त्यायला पायजे होतं त्याच्याहून जास्तच वाढलं! नळी काढायची न्हाई. मी घरीच ऱ्हानार, आत्याबाई. उद्या महालक्ष्म्या मीच बसवनार."

दगडाबाईनं तिथंच दोन्ही हातांनी सुमंगलाची अलाबला घेऊन बोटं कडाकडा मोडली. नर्मदाबाई एकदा सुनेकडं बघत, एकदा मुलाकडं, आणि पदरानं डोळे पुसत.

"आन माय, पथ्य असंच चालू ठेवा म्हनले," मार्तंड म्हणाला. "थांबायचं न्हाई."

"थांबतंय कोन!" नर्मदाबाईंनी एक पिशवी त्याच्या हातातून हिसकावून घेतली. "चला, चला पाय उचला. पानी बदलायची वेळ होत आली. लेकरू गाडीत बसून दमलंय. दगडे, तू फुडं हो, म्हैस बांदून ठिव. मी आले की धार काढते."

"आन फाडायचं?" दगडाबाई निघता निघता ओरडली.

"फाडायचं!" नर्मदाबाई भर फलाटावर ओरडल्या. स्टेशनमास्तरानं खिडकीतून डोकं बाहेर काढलं. त्या मात्र सुनेचा हात धरून केव्हाच फाटकाच्या बाहेर पडल्या होत्या.